मेथीची जुडी आणि बांगड्यांची घडणावळ

घासाघीस करणाऱ्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. दिवाळी जवळ आली की पणत्या विकणाऱ्या आजीशी भाव करू नका, अशा अर्थाचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात आणि भाव करणारा प्रत्येक माणूस त्यांत निर्दय ठरतो. याउलट, सांगितलेल्या किमतीला वस्तू घेऊन आलेल्या माणसाला घरातली वडीलधारी मंडळी ‘फसून आलास’ असे म्हणतात. गेली बरीच वर्षे मी पुण्यात घर चालवते आहे, मंडईपासून सराफापर्यंतची सगळी खरेदी स्वतः करते आहे, आणि ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. एकच बाई सकाळी मेथीच्या जुडीचा भाव करते, परतताना औषधांच्या दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजते आणि त्याच आठवड्यात लेकीच्या लग्नाच्या बांगड्या घेताना सराफाने कागदावर लिहून दिलेला आकडा एकही प्रश्न न विचारता मान्य करते. तिचा स्वभाव तिन्ही ठिकाणी तोच असतो. किमतीतला कोणता भाग हलतो हे तिला पहिल्या ठिकाणी ठाऊक असते, दुसऱ्या ठिकाणी काहीच हलत नाही असा तिचा समज असतो आणि तिसऱ्या ठिकाणी विचारायचाच संकोच वाटतो.

मेथीपासून सुरुवात करते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाज्या शेकड्याच्या भावाने विकल्या जातात, म्हणजे शंभर जुड्यांना अमुक इतके रुपये असा व्यवहार होतो, आणि हा भाव रोज पहाटे आवक किती झाली त्यावर ठरतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर माल भिजून येतो आणि लवकर सडतो. सण तोंडावर असेल तर मागणी वाढते. आवक अचानक जास्त झाली तर तासाभरात भाव खाली येतो. एकाच पहाटे दोन विक्रेत्यांनी दोन निरनिराळ्या भावांनी माल उचललेला असतो आणि त्यांच्या जुड्याही सारख्या नसतात, कारण एक जुडी मुठीत मावते तर दुसरी दोन्ही हातांनी धरावी लागते. त्यावर टेम्पोचे भाडे आणि हमाली चढते. अशा वस्तूला ‘आजची योग्य किंमत’ म्हणून एकच आकडा नसतोच, आणि विक्रेत्यालाही आपला माल आज कितीपर्यंत जाईल हे सकाळी पक्के ठाऊक नसते. भाव सांगणे आणि भाव मागणे यांतून तो अंदाज दोघांनाही येतो. म्हणूनच आपल्याकडे पिशवीतून मेथी डोकावताना दिसली की रस्त्यात अनोळखी बाईसुद्धा थांबवून विचारते, “कितीला घेतली जुडी?” यात कोणालाही गैर वाटत नाही, कारण पुढच्या ओट्यावर तोंड उघडण्याआधी जी माहिती लागते ती अशीच गोळा होते.

घड्याळाचा या व्यवहाराशी फार जवळचा संबंध आहे. १८८६ सालापासून उभ्या असलेल्या मंडईच्या दगडी इमारतीत ज्यांचे गाळे आहेत, त्यांची गिऱ्हाइके वर्षानुवर्षांची ठरलेली असल्याने त्यांचा भाव दिवसभरात फारसा हलत नाही. बाहेर जमिनीवर पोते अंथरून बसणाऱ्या बाईचा भाव मात्र सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेगवेगळा असतो. सकाळी माल ताजा असतो आणि दिवस पुढे पडलेला असतो, म्हणून ती ताठ असते. पण पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये असेही तिला वाटत असते.

“कशी दिली मेथी, मावशी?”

“वीसला एक.”

“पस्तीसला दोन लावा.”

“परवडत नाही हो ताई, खरेदीच महाग आहे आज. बरं, भवानीची वेळ आहे, घ्या.”

आणि मग ती नोट कपाळाला लावून पोत्याखाली सरकवते. भवानीच्या वेळी विक्रेता थोडा नमतो हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्या वेळी फार ओढून धरणे आणि शेवटी न घेता निघून जाणे हे जुन्या बायका अजिबात शोभणारे मानत नाहीत, आणि मलाही ते पटते. संध्याकाळी सातनंतर चित्र उलटते. मेथीची पाने मलूल झालेली असतात, पाणी मारून मारून देठ काळे पडू लागलेले असतात, आणि उद्या त्या जुडीला कोणी विचारणार नाही हे तिलाही दिसत असते. “पन्नासला तीन होते ना, आता चार न्या,” असे तीच हाक मारून सांगते. कांद्या-बटाट्याच्या बाबतीत मात्र संध्याकाळी काही फरक पडत नाही, कारण तो माल उद्याही तितक्याच भावाने विकता येतो. अनेक नवशिक्यांना कांदेवाल्याशी कितीही वेळ बोलून रुपयाही सुटत नाही आणि कोथिंबीरवाली न बोलता कमी करते याचे नवल वाटते; त्याचे कारण एवढेच आहे.

किंमत कमी करण्यापेक्षा वर काहीतरी घालणे विक्रेत्यांना अधिक पसंत असते. भाजीवाली चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकते, कोळीण बांगड्यांच्या वाट्यावर आणखी एक बांगडा ठेवते, पण सांगितलेला भाव सहसा मोडत नाही. यात मोठे शहाणपण आहे. भाव एकदा मोडला की शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही तोच द्यावा लागतो आणि उद्या तुम्हीही तोच मागणार असता. वर घातलेली वस्तू मात्र त्या व्यवहारापुरती राहते. शिवाय जी कोथिंबीर तुम्ही दहा रुपयांची म्हणून मोजता ती तिला पडलेली असते सहा-सात रुपयांना, त्यामुळे तुम्हाला दहा रुपये मिळाल्याचे समाधान मिळते आणि तिचे त्याहून कमी जातात. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका ग्राहकाने, भाजी घरपोच देणाऱ्या ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून आपल्या आईला धक्का बसला, असे समाजमाध्यमावर लिहिले आणि कंपनीने ठरावीक रकमेच्या भाजीवर कोथिंबीर फुकट देण्याची सोय सुरू केली. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायकांना ही बातमी वाचून मनापासून आनंद झाला. भाजीबरोबर कोथिंबीर येते हा आपल्याकडचा अलिखित करार आहे आणि तो यंत्रालाही पाळावा लागला, याचा तो आनंद होता.

आता त्या दिवाळीतल्या संदेशांकडे येते, कारण त्यांत तथ्याचा एक भाग आहे आणि तो हिशेबानेच नीट दिसतो. समजा मेथीची जुडी विक्रेतीला बारा रुपयांना पडली आहे आणि ती वीस सांगते. तुम्ही पंधराला मागितली आणि तिने दिली, तर तुमचा खर्च पावपटीने कमी झाला, पण तिची कमाई आठ रुपयांवरून तीनवर आली, म्हणजे निम्म्याहूनही जास्त गेली. उरलेल्या तीन रुपयांतून न विकल्या गेलेल्या जुड्यांचा तोटाही तिलाच भरून काढायचा असतो. इतक्या पातळ नफ्याच्या व्यवहारात शेवटच्या दोन रुपयांपर्यंत खेचणे मला योग्य वाटत नाही. परंतु भाव करूच नका हा सल्लाही मला मान्य नाही. ती बाई व्यापार करते आहे, दान मागत नाही. पहिला आकडा सांगताना पुढचा माणूस थोडे कमी मागेल हे धरूनच तिने तो सांगितलेला असतो, आणि दया म्हणून पैसे पुढे करणाऱ्यापेक्षा भाव करून रोज येणारे गिऱ्हाईक तिला जास्त हवे असते. मी स्वतः एकदाच “बरोबर लावा” म्हणते आणि ती जे म्हणेल ते मान्य करते. फार पाडून मागितले की विक्रेता ते दुसरीकडून वसूल करतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे: वरचा चांगला माल बाजूला राहतो आणि पाटीच्या तळातले टोमॅटो तुमच्या पिशवीत येतात. “निवडून नाही मिळणार” हे वाक्य त्याच वेळी कानावर येते. निवडण्याचा हक्क हासुद्धा किमतीचाच भाग आहे, आणि मी तरी दोन रुपये जास्त देऊन तो विकत घेते.

घासाघिशीचा शेवटचा टप्पा पूर्वी सुट्ट्या पैशांवर यायचा. सत्तेचाळीस रुपये झाले की “पंचेचाळीस घ्या” असे म्हणून पन्नासाची नोट पुढे करायची आणि विक्रेतीनेही सुट्टे शोधण्याचा त्रास वाचतो म्हणून पाच रुपये परत करायचे, हा ठरलेला क्रम होता. २०१६ साली यूपीआय आले, करोनाच्या काळात ते हातगाड्यांपर्यंत पोहोचले आणि आता पाटीला टेकवून ठेवलेल्या क्यूआर कोडवर सत्तेचाळीसचे सत्तेचाळीसच जातात. सुट्ट्यांचे निमित्त गेल्याने ते दोन रुपये सोडायला सांगण्याची जागाच उरली नाही. हे विक्रेत्यांच्या हिताचे झाले असे मला वाटते.

भाव करण्याचे संस्कार माझ्यावर मात्र भाजीबाजारात झाले नाहीत. माझे माहेर सांगोल्याकडचे, आणि तिथला जनावरांचा बाजार मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिलेला आहे. बैलाची किंमत सगळ्यांसमोर बोलली जात नाही. विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्या वतीने हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. आकडा बोटांतून कळतो, त्यापुढची शून्ये जनावर पाहूनच दोघांना ठाऊक असतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला फक्त हलणारा टॉवेल आणि दोघांचे चेहरे दिसतात. या गुप्ततेला कारण आहे. कोणतेही दोन बैल सारखे नसतात: दातांवरून वय पाहिले तर कोणी आदत, कोणी दुसा, कोणी चौसा, कोणी जुळलेला, खूर, शिंगे, पाठ, चाल सगळे वेगळे. एकाचा भाव उघड झाला तर तो उगाच दुसऱ्याला लावला जातो. बोलणी तुटण्याच्या बेताला येतात, घेणारा चार पावले जातो, हेडी त्याला दंडाला धरून परत आणतो, आणि कधी तरी टॉवेलाखाली होकार होतो. मग विसार, म्हणजे सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम, दिला जातो. विसार हातात पडल्यानंतर कोणी जास्त पैसे घेऊन आला तरी विकणारा बैल देत नाही, आणि घेणाऱ्याने शब्द फिरवला तर विसार बुडतो. “तोंडातून आकडा काढण्याआधी विचार कर, काढल्यावर नाही,” हे वडिलांचे वाक्य मी आजही पाळते. आपण म्हटलेल्या भावाला विक्रेता हो म्हणाला आणि तरीही आपण “बघून येते” म्हणून निघालो, तर ती घासाघीस नव्हे. त्यात त्या माणसाचा वेळ आणि आपला शब्द दोन्ही वाया जातात. तुळशीबागेत असे करणारी तरुण मुले मला दिसतात तेव्हा वाईट वाटते, कारण त्यांना भाव करणे म्हणजे आकडा किती खाली येतो याची चाचणी वाटते.

दुकानांकडे वळले की प्रश्न बदलतो. जिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो तिथे भाव हलतो आणि जिथे पगारी नोकर माल दाखवतात तिथे पाटी लावलेली असते, हा नियम मला जवळजवळ सर्वत्र लागू पडताना दिसला आहे. नोकराच्या हाती किंमत सोपवली तर त्याने ओळखीच्या माणसाला किती सोडले हे मालकाला कळणार नाही, म्हणून ‘एकच भाव’ ही पाटी गिऱ्हाइकाइतकीच नोकरासाठीही असते. “थांबा, शेठना विचारतो,” असे उत्तर आले की भाव हलणार हे समजावे.

छापील किमतीविषयी एक गैरसमज फार खोल गेलेला आहे. वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन १९९० मध्ये आले. त्यापूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहून दुकानदार हवे तेवढे वर लावू शकत असत. आज हा विषय १ एप्रिल २०११ पासून लागू झालेल्या वैधमापन अधिनियमाखाली येतो आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. परंतु त्या शब्दांत ‘कमाल’ आहे. ती वरची मर्यादा आहे आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती सरकारने नव्हे, उत्पादकाने स्वतः ठरवलेली असते. मर्यादेखाली कितीही कमी घेण्यास दुकानदाराला मुभा आहे. औषधांच्या काही दुकानांत दहा-पंधरा टक्के सवलतीचे फलक लागलेले असतात ते याच मुभेमुळे. घरात रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या दरमहा येत असतील, तर “नेहमीचे गिऱ्हाईक आहे, किती कमी कराल?” हे विचारण्यात संकोचण्यासारखे काहीच नाही. मी विचारते, आणि बहुतेक वेळा काहीतरी मिळते.

घासाघिशीवर हसणाऱ्यांना मला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या आईच्या पिढीतल्या बहुसंख्य बायकांच्या हाती स्वतःची कमाई नव्हती. महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाची ठरावीक रक्कम हातावर ठेवली जाई आणि ती वाढवून मागणे हा अवघड विषय असे. त्या रकमेत मुलाची वही, सणाची साडी, पाहुण्यांचे जेवण बसवायचे तर बाजारातच पैसे वाचवावे लागत. बाजारात वाचवलेला प्रत्येक रुपया ही त्यांनी केलेली कमाईच होती, आणि त्यासाठी लागणारे ज्ञानही काही सोपे नव्हते: कोणत्या हंगामात हापूस कधी उतरतो, कोणत्या डाळीला भेसळ जास्त, कोणाचा काटा मारका. अक्षय्य तृतीयेला नैवेद्यापुरते चार आंबे घ्यायचे आणि मेच्या अखेरीस पावसाच्या भीतीने पेट्या खाली होऊ लागल्या की डझनांनी घ्यायचे, हे आईने कोणाकडून वाचून शिकलेले नव्हते. त्या हुशारीला चिक्कूपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

माझी खरी तक्रार अशी आहे की ही हुशारी आपण मंडईच्या दारातच ठेवून येतो आणि वातानुकूलित दालनात पाऊल टाकले की गप्प होतो. सोन्याचा दिवसाचा भाव फलकावर लिहिलेला असतो आणि त्यावर बोलणी होत नाहीत, ते योग्यच आहे. पण दागिन्याच्या किमतीत भावाखेरीज घडणावळ, म्हणजे दागिना घडवण्याची आकारणी, असते आणि तीच हलते. साध्या साखळीची घडणावळ कमी, ठुशी किंवा नक्षीच्या तोड्यांची जास्त, हे समजण्यासारखे आहे. तरीही एकाच प्रकारच्या बांगड्यांना दोन दुकानांत दोन निरनिराळे टक्के सांगितले जातात. हिशेबापुरता सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. चाळीस ग्रॅमच्या बांगड्यांचे सोने चार लाखांचे झाले, आणि घडणावळीत दोन टक्क्यांचा फरक पडला तर तो आठ हजार रुपयांचा. मेथीच्या जुडीमागे पाच रुपये वाचवून तेवढे पैसे जमवायचे तर सोळाशे जुड्या घ्याव्या लागतील. रोज एक म्हटले तरी चार वर्षांहून जास्त काळ.

घडणावळीत कारागिराची मजुरीही असते, तेव्हा ती कमी करून मागणे म्हणजे कारागिराच्या पोटावर पाय देणे नव्हे का, असा प्रश्न एका मैत्रिणीने मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे. मात्र सोन्याचा भाव चढला की टक्क्यांत लावलेली घडणावळ आपोआप चढते आणि कारागिराचे काम तेवढेच राहते, त्यामुळे टक्क्यांतली वाढ मुख्यतः त्याच्याकडे जाते असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. म्हणून मी ग्रॅममागे किती रुपये असे विचारते.

भाचीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आकडेमोड करून एकच बेरीज पुढे ठेवली. मी त्याला प्रत्येक रकाना वेगळा लिहायला सांगितला: निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे वजन, घडणावळ, हॉलमार्किंगचे म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचे शुल्क, कर. खड्यांसह वजन धरून त्याला सोन्याचा भाव लावला गेला नाही ना, हे त्या रकान्यांतूनच कळते. वहिनी माझा हात दाबत होत्या, कारण त्यांना हे सगळे अवघड वाटत होते. मुलगा आत जाऊन आला आणि घडणावळ दोन टक्क्यांनी उतरली. कोणाचाही आवाज चढला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. जुनी पाटली मोडीत द्यायची होती तिची घट, म्हणजे वजनातली कपात, किती धरली हेही आम्ही आमच्यासमोर वजन करून पाहिले. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी हा प्रत्येक दागिन्याचा वेगळा, सहा अक्षर-अंकांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, त्यामुळे शुद्धतेविषयी वाद घालण्याची गरज आता उरलेली नाही. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. हॉलमार्किंगचे शुल्क नगावर असते, वजनावर नसते, हे लक्षात ठेवावे. राहिली घडणावळ आणि मोडीची घट, आणि या दोन्हींवर पैसे देण्याआधी बोलावे, कारण बिल फाडल्यावर कोणीही मालकाला विचारायला आत जात नाही.